कॅरिअर कधी सोडायचे?

यंदाच्या उन्हाळ्यात नवीन जालन्यातील आमच्या गल्लीत रोज सकाळी सहा वाजता एक वकील धावताना दिसत होता. अंगात बनियन, पायात स्लीपर, एका हातात सायकलचे कॅरिअर आणि तोंडाने अखंड सूचना. पुढे बघ, पायडल मार, हँडल सरळ ठेव, घाबरू नको. सायकलवर नऊ वर्षांची लेक. कोर्टाला सुट्टी होती, ऊन चढण्याआधी जे काय करायचे ते आठ वाजेपर्यंतच शक्य होते, आणि परीक्षा संपल्या दिवशीच लेकीने जाहीर करून टाकले होते की या सुट्टीत सायकल आलीच पाहिजे. गल्ली शंभर-सव्वाशे पावलांची. नळाला पाणी यायचा दिवस असला की गल्लीभर पाइप पसरलेले, त्या दिवशी शिकवणी बंद.

चार दिवस झाले, पाच झाले, आठ झाले. मी धावतोच आहे आणि लेक कॅरिअर धरल्याशिवाय एक पाऊलही पुढे जात नाही. आठव्या दिवशी रविवार होता. माझी मोठी बहीण, आक्का, जुन्या जालन्यात राहते. रविवारी ती कुंडलिकेचा पूल ओलांडून आमच्याकडे येते. ती ओट्यावर चहाचा कप घेऊन उभी होती. दोन-तीन फेऱ्या तिने गुपचूप पाहिल्या आणि मग म्हणाली, "आरं, तिला येतंय. तूच सोडंना गेलास. काहून धरून पळतो?"

मी म्हणालो, "पडेल ना ती."

आक्का म्हणाली, "मग तू काय पडला नव्हतास का?"

या प्रश्नावर मी गप्प बसलो. त्याचे कारण पुढे येईलच. आधी सायकलीचे तंत्र सांगतो, कारण ते मला चाळिशी ओलांडल्यावर कळले आणि अनेक पालक माझ्यासारखेच चुकत असणार.

आमच्या भागातील एका सायकल मिस्त्रीकडे मी गेलो होतो, मागच्या चाकाला आधाराची दोन छोटी चाके बसवून घ्यायला. म्हटले, पोरगी निर्धास्त चालवील, माझेही गुडघे वाचतील. मिस्त्री म्हणाला, वकीलसाहेब, पैसे घ्यायला माझे काही जात नाही. पण ही चाके लावली तर पोरगी सायकल शिकणार नाही, तीनचाकी शिकेल. मग त्याने जे सांगितले ते असे. सायकल ज्या बाजूला झुकते, त्याच बाजूला हँडल थोडे वळवावे लागते. मग चाके अंगाच्या खाली येतात आणि तोल सावरतो. चालवणारा माणूस हे क्षणाक्षणाला करीत असतो, त्याला कळतही नाही. आधाराची चाके लावली की सायकल झुकतच नाही, मग सावरायचे शिकणार कधी? आणि मी आठ दिवस ओरडत होतो, हँडल सरळ ठेव! म्हणजे ज्या एका गोष्टीने तोल सांभाळला जातो, तीच करू नको असे मी तिला बजावत होतो. वर कॅरिअर धरून सायकल उभी ठेवण्याचे काम मीच करीत होतो. तिच्या वाट्याला काम उरले होते ते फक्त पायडल मारण्याचे.

मिस्त्रीने चाके लावली नाहीत. उलट दोन्ही पायडल काढून दिले. डाव्या बाजूच्या पायडलचे आटे उलटे असतात, ते नेहमीच्या दिशेने पिरगाळले तर अधिकच घट्ट बसते, हे मला तेव्हा पहिल्यांदा कळले. सीट त्याने इतकी खाली केली की लेकीचे दोन्ही तळपाय जमिनीला पूर्ण टेकावेत. म्हणाला, आता हिला पायांनी ढकलत ढकलत चालवू द्या. उतार असेल तिथे पाय उचलायला सांगा. हँडलला हात लावू नका. धरायचेच असेल तर खांद्याला बोट लावा. पायडल मारणे हे शेवटचे काम आहे, ते अर्ध्या तासात येते.

आता माझ्या पडण्याविषयी.

माझे गाव याच जिल्ह्यात, जालन्यापासून चौदा किलोमीटरवर. वडील, आम्ही त्यांना अण्णा म्हणत असू, जालन्याच्या एका रिरोलिंग मिलमध्ये कामाला होते. आज जालन्याच्या लोखंडी सळया देशभर जातात. त्या सळयांच्या ठिणग्यांनी अण्णांच्या सदऱ्याला जाळी पडलेली असे. त्यांच्याकडे जुनी, दुसऱ्या हाताने घेतलेली ॲटलस सायकल होती. बावीस इंची, काळी, मागे रुंद कॅरिअर. अण्णा त्याला कॅरेज म्हणत. (१९५१ साली सोनिपतला सुरू झालेल्या त्या कंपनीचा साहिबाबादचा शेवटचा कारखाना २०२० साली बंद पडला, तोही ३ जूनला, म्हणजे नेमका जागतिक सायकल दिनाच्या दिवशी. ती बातमी वाचली तेव्हा अण्णा हयात नव्हते.) पाळीचे काम करून ते घरी येत आणि सायकल भिंतीला टेकवत. ती भिंतीला टेकली की आम्ही ती पळवायचो.

मी तेव्हा नऊ-दहा वर्षांचा. सीटवर बसलो तर पाय पायडलला पोहोचत नसत, म्हणून दांडीखालून एक पाय पलीकडे घालून कैची मारायची. अंग एका बाजूला, सायकल दुसऱ्या बाजूला, डावा हात हँडलवर, उजवा हात सीटला कवटाळलेला. जगात कोणत्याही शास्त्रात न बसणारी ही पद्धत खेड्यापाड्यांतील लाखो पोरांनी वापरली आहे. पांदीत मी किती वेळा पडलो याचा हिशेब नाही. डाव्या गुडघ्यावर अजून खूण आहे.

आणि त्या पांदीत माझ्या मागे कॅरिअर धरून कोण पळत होते? आक्का. माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. परकर खोचून ती माझ्यामागे धावायची, मी पडलो की सायकल आधी उचलायची, कारण सायकलला लागले तर अण्णांचा दुसऱ्या दिवसाचा रोज बुडाला असता. मग मला उचलायची. महिनाभर ती धावली. महिन्याने मला सायकल आली. तिला कोणी विचारलेही नाही की तुला बसायचे आहे का. मी तर नाहीच विचारले. आई म्हणायची, पोरीला काय करायची सायकल. त्यात वाईट हेतू नव्हता; आईला ते तितकेच साधे वाटत होते, जितके सूर्य उगवतो हे साधे वाटते.

गावात शाळा सातवीपर्यंत. हायस्कूल पाच किलोमीटरवर दुसऱ्या गावात. आक्का सातवीला वर्गात पहिली आली होती. पाच किलोमीटर जायचे कसे आणि यायचे कसे, यावर घरात फार तर दोन दिवस चर्चा झाली असेल. ती घरी राहिली, खुरपायला जाऊ लागली, पुढे लग्न झाले. चार वर्षांनी मी सातवी पास झालो तेव्हा हाच प्रश्न माझ्यापुढे आला नाही. मला सायकल येत होती. अण्णांनी माझ्यासाठी आणखी एक जुनी सायकल पाहिली. आठवी, नववी, दहावी मी त्या सायकलवर केली, पुढे कॉलेज केले, कायद्याची पदवी घेतली. भाषणांमधून मी नेहमी सांगतो की बाबासाहेबांमुळे शिकलो. ते खरेच आहे. पण कॅरिअर धरून पळालेल्या बहिणीचे नाव मी एकाही भाषणात घेतलेले नाही. आता आक्काच्या त्या प्रश्नावर मी गप्प का बसलो, हे वाचकांच्या लक्षात आले असेल.

अण्णांची एक सवय होती. जालन्याहून येताना गावाची वेस आली की ते सायकलवरून उतरत. वेशीपासून मारुतीच्या देवळापुढच्या पारापर्यंत, तिथून पुढच्या आळीच्या टोकापर्यंत ते सायकल हातात धरून चालत. मग पुन्हा टांग टाकत आणि आमच्या वस्तीपर्यंत बसून येत. मी पुढे दांडीवर बसलेलो असलो तर मलाही उतरावे लागे. एकदा मी विचारले, इथे का उतरायचे? अण्णा म्हणाले, इथं चेन उतरते.

मी ते खरे मानले. पुढे स्वतःची सायकल मिळाल्यावर वेस आली की मी खाली वाकून चेन पाहत असे. चेन काही उतरत नव्हती. म्हणून मी बसूनच पुढे जात राहिलो. चार-पाच दिवसांनी पारावरून कोणीतरी हाक मारली, "काय रे, लई मोठा झाला का?" मला वाटले, उंची वाढली म्हणून म्हणतात. घरी येऊन अण्णांना सांगितले. अण्णा भाकर खात होते. त्यांचा घास हातातच राहिला. ते काही बोलले नाहीत, मला उतर असेही म्हणाले नाहीत. दुसऱ्या दिवसापासून ते स्वतः वेशीपाशी उतरत होते की नाही, हे मला माहीत नाही. मी शाळेत असायचो. नंतरही कधी विचारले नाही.

कायद्याचा विद्यार्थी झालो तेव्हा संविधानाच्या कलम १५ चा दुसरा खंड वाचला. विहिरी, तलाव, स्नानाचे घाट आपल्या लोकांना पाठ आहेत, कारण १९२७ चा महाडचा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्या रक्तात आहे. पण त्याच ओळीत आणखी एक शब्द आहे आणि त्याकडे फार कोणाचे लक्ष जात नाही. रस्ते. सरकारी पैशातून राखलेले किंवा जनतेच्या वापरासाठी दिलेले रस्ते वापरण्यास जात, धर्म, लिंग यांच्या कारणावरून कोणालाही मनाई करता येणार नाही. संविधान लिहिणाऱ्यांना हा शब्द घालावासा वाटला, कारण रस्त्यासाठी या देशात लढे झाले होते. केरळातील वायकोमचा १९२४-२५ चा सत्याग्रह देवळात शिरण्यासाठी नव्हता, देवळाभोवतीच्या रस्त्यांवरून चालता यावे यासाठी होता.

१९५५ च्या अस्पृश्यताविषयक कायद्यात रस्ता आला, सार्वजनिक वाहन आले. सायकल नावानिशी आली ती किती साली? अत्याचार प्रतिबंध कायद्यात संसदेने २०१५ साली दुरुस्ती मंजूर केली आणि ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. कलम ३, पोटकलम १, खंड झेड-ए. अनुसूचित जाती-जमातीच्या व्यक्तीला सार्वजनिक ठिकाणी सायकलवर किंवा मोटारसायकलवर बसण्यास वा ती चालवण्यास, पादत्राणे किंवा नवे कपडे घालण्यास, लग्नाची वरात काढण्यास, वरातीत घोड्यावर बसण्यास अडथळा करणे हा गुन्हा आहे. शिक्षा कमीत कमी सहा महिने, जास्तीत जास्त पाच वर्षे आणि दंड.

बार रूममध्ये मी ही दुरुस्ती पहिल्यांदा वाचली तेव्हा शेजारी बसलेले एक सहकारी हसले. म्हणाले, सायकलसाठीसुद्धा कायदा? आता हे जरा अती होत नाही का? ते मनाने वाईट नाहीत. त्यांच्या वडिलांची चेन कोणत्या वेशीपाशी उतरत नव्हती, एवढेच. संसद काही गंमत म्हणून फौजदारी कायद्यात सायकल लिहीत नाही. एकविसाव्या शतकाची पंधरा वर्षे उलटल्यावर ते लिहावे लागले, याचा अर्थ तशा घटना तोवर घडत होत्या.

चाळीसगावची हकीकत आपल्या वाचकांना माहीत आहे. बाबासाहेबांनी स्वतः ती लिहून ठेवली आहे. १९२९ साल. अस्पृश्यांच्या तक्रारींची चौकशी करण्यासाठी मुंबई सरकारने नेमलेल्या समितीचे ते सदस्य होते. चौकशीचे काम आटोपून ते चाळीसगावला उतरले. वस्तीतील लोक त्यांना घ्यायला स्टेशनवर आले होते. पण अस्पृश्याला बसवून टांगा हाकायला एकही टांगेवाला तयार होईना. शेवटी एक टांगेवाला टांगा भाड्याने द्यायला राजी झाला, हाकायला नाही. एवढा मोठा माणूस आपल्या वस्तीत पायी येणार, हे लोकांना सहन होण्यासारखे नव्हते. म्हणून त्यांच्यापैकीच एकाने लगाम हातात घेतला. त्याने आयुष्यात टांगा हाकला नव्हता. वाटेत एका मोटारीला टांगा धडकता धडकता वाचला, पुढे मोरीवर चाक अडकले, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले आणि त्यांचा पाय मोडला.

ही कथा आपण बाबासाहेबांनी भोगलेल्या हालांची कथा म्हणून सांगतो. सांगावीच. पण लेकीच्या मागे धावताना मला सारखा आठवत होता तो लगाम धरलेला माणूस. त्याचे नाव मला कुठे वाचायला मिळालेले नाही. त्या रात्री तो झोपला असेल का? तो अडाणी होता, बेफिकीर होता, असे कोणी म्हणू शकेल काय? टांगा हाकणे शिकायला टांगा हातात यावा लागतो. रिकाम्या टांग्यावर चार वेळा चुकावे लागते, घोडा कुठे बिचकतो हे समजावे लागते, मोरीवर चाक कसे काढायचे हे कोणीतरी शेजारी बसून दाखवावे लागते. ज्या समाजाला टांग्याला हात लावू दिला नाही, त्याच्यातील माणसाला पहिली चूक करायची वेळ आली ती थेट बाबासाहेब मागे बसलेले असताना.

त्याआधीची, १९०१ ची गोष्ट तशीच. लहानगा भीमराव आणि बरोबरची मुले मसूर स्टेशनवर उतरून वडिलांकडे गोरेगावला निघाली. गाडीवान बैलगाडी हाकायला तयार नव्हता. भाडे दुप्पट, आणि गाडी हाकायची मुलांनीच. तेव्हा मुले दहा-अकरा वर्षांच्या आतबाहेरची. माझी लेक नऊ वर्षांची आहे आणि तिच्या सायकलचे कॅरिअर मी सोडत नाही!

इथवर वाचून काही वाचक म्हणतील, वकीलसाहेब, आता ते दिवस गेले. बरेचसे गेले, हे मान्य. नवीन जालन्याच्या गल्लीत माझ्या लेकीला कोणी उतर म्हणणार नाही. पण मग मला भीती कशाची होती? ती मुलगी आहे याची होती. हे कबूल करायला मला आठ दिवस लागले. थोरल्या मुलाला मी दोन दिवसांत सोडले होते. तो नालीत पडला, तेव्हा मी ओट्यावर पेपर वाचत होतो.

माझे शेजारी, सज्जन गृहस्थ, रोज सकाळी फिरायला जाताना थांबत. "कशाला त्रास घेता? दहावीला स्कूटी घेऊन द्या." अनेक घरांत हेच चालते. सायकलची वर्षे टाळायची आणि मग थेट पेट्रोलची गाडी हातात द्यायची. दहावीची मुलगी किंवा मुलगा म्हणजे पंधरा-सोळा वर्षे. ५० सीसीपर्यंतची गाडी सोळाव्या वर्षी चालवता येते, त्याहून मोठ्या दुचाकींसाठी अठरा पूर्ण लागतात. बाजारातील स्कूटी म्हणून जी मिळते ती त्याहून मोठी. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली कलम १९९-ए आले आहे. अल्पवयीन मुलाच्या हातून वाहनाचा गुन्हा घडला तर पालक दोषी धरला जातो. तीन वर्षांपर्यंत कैद, २५,००० रुपये दंड, वर त्या गाडीची नोंदणी वर्षभरासाठी रद्द. सायकलला वय नाही, लायसन्स नाही, पेट्रोल नाही. शेजाऱ्यांना मी हे सर्व सांगितले. ते म्हणाले, सायकलवर बरे दिसत नाही हो मुलगी. खरे कारण ते होते.

आपल्या समाजातही हे आहे आणि ते आपल्याच पेपरात लिहिले पाहिजे. १४ एप्रिलच्या रॅलीत मोटारसायकली किती निघतात ते आपण अभिमानाने मोजतो. हँडल धरून बसलेल्या मुली किती आणि मागे बसलेल्या किती, तेही एकदा मोजावे. मानव विकास कार्यक्रमात आपल्या जिल्ह्यातील आठवी ते बारावीच्या मुलींना सायकलसाठी अनुदान मिळते. शाळा पाच किलोमीटरच्या आत असेल तर सायकल, त्याहून लांब असेल तर बस. हे अनुदान २०२२ साली साडेतीन हजारांवरून पाच हजार झाले. पाच किलोमीटर! आक्काच्या वेळी ही योजना असती तर, असे म्हणण्याचा मोह होतो. पण योजनेची सायकल आल्यावर ती मुलगीच चालवते का? खेड्यांत फिरताना मी पाहिले आहे, गुलाबी रंगाची लेडीज सायकल मोंढ्यात बापाच्या हाती असते आणि मुलगी पायी चालत असते. बापाची गरज खोटी नाही. तरी ती सायकल तिची आहे.

सायकल मुलीच्याच हाती राहिली तर काय होते, हे बिहारमध्ये मोजले गेले आहे. तिथे २००६ पासून नववीच्या मुलींना सायकलसाठी पैसे देण्यात आले. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या अर्थशास्त्रज्ञांनी अभ्यास केला तेव्हा योग्य वयात माध्यमिक शाळेत दाखल होणाऱ्या मुलींच्या प्रमाणात ३२ टक्के वाढ दिसली आणि मुलगा-मुलगी यांच्यातील अंतर ४० टक्क्यांनी घटलेले आढळले. त्याच्याही आधी, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, तमिळनाडूच्या पुदुक्कोट्टई जिल्ह्यात साक्षरतेच्या चळवळीने बायकांना सायकल शिकवायचे ठरवले. शीला राणी चुंकत या तिथे कलेक्टर होत्या. खाणीतील मजूर, शेतमजूर, अंगणवाडी सेविका अशा लाखभर बायका सायकल शिकल्या. पत्रकार पी. साईनाथ यांनी ते पाहून लिहिले आहे. लेडीज सायकली पुरेनात, तेव्हा बायकांनी जेन्ट्स सायकली घेतल्या. काही जणींना तीच बरी वाटली, कारण पुढच्या दांडीवर मूल बसवता येते.

२०२० च्या लॉकडाऊनमध्ये पंधरा वर्षांची ज्योती कुमारी जखमी बापाला मागे बसवून गुरुग्रामहून बिहारमधील दरभंग्याला, सुमारे १,२०० किलोमीटर, सायकल मारीत गेली. देशभर कौतुक झाले, पुढे तिला राष्ट्रीय बाल पुरस्कारही मिळाला. मजुरांना घरी पोहोचवण्याची व्यवस्था ज्यांनी करायची होती त्यांनाही टाळ्या वाजवायला फावले, हे सोडा. मला एवढेच विचारायचे आहे की त्या मुलीला आधी कोणीतरी सायकल शिकू दिली होती म्हणूनच ना ते पासवान कुटुंब घरी पोहोचले? पोरीला काय करायची सायकल, असे कोणी म्हटले असते तर?

रस्त्याचे मात्र अवघड आहे. आमच्या जिल्ह्यातून ७०१ किलोमीटरचा समृद्धी महामार्ग जातो. त्यावर सायकलच काय, मोटारसायकललाही बंदी आहे. त्या वेगापुढे ती योग्यच म्हणावी लागेल. पण शहराच्या आतल्या रस्त्यावर? सळया लादलेले ट्रक, ट्रॉलीबाहेर चार-चार फूट लोंबणारे लोखंड, आणि त्याच रस्त्याच्या कडेने शाळेची मुले. मोटार वाहन कायद्याच्या कलम १३८ मध्ये २०१९ साली १-ए हे पोटकलम घातले गेले. सायकल, हातगाडी, पादचारी यांच्यासाठी नियम करण्याचा अधिकार त्याने राज्य सरकारला दिला. आपल्या वॉर्डात सायकलसाठी रंगाचा एक पट्टा मारून मागायला तरी कोणाची हरकत नसावी.

असो. आठव्या दिवशी, आक्काच्या देखत, मी कॅरिअर सोडले नाही. दुसऱ्या दिवशी मिस्त्रीकडे जाऊन पायडल काढून आणले. त्यानंतर चार दिवस लेक पायांनी ढकलत राहिली, पाचव्या दिवशी गल्लीच्या उताराला तिने पाय उचलले आणि अर्ध्या गल्लीपर्यंत तशीच गेली. तेव्हा तिचा चेहरा मला दिसला नाही. मी मागे होतो. तिथून तिने मागे न वळताच ओरडून विचारले, "पप्पा, धरलंय का?" मी म्हणालो, नाही. ती लगेच पाय टेकून थांबली. मग पुन्हा निघाली.

पायडल परत बसवले त्या दिवशी पुन्हा रविवार होता आणि आक्का आलेली होती. पहिली फेरी झाली, दुसरी झाली. तिसऱ्या फेरीत वळणावर वाळू होती, चाक घसरले आणि लेक कोपरावर आपटली. मी धावायला निघालो तर आक्काने दंडाला धरले. तिची पकड तीच होती, पांदीतली. "थांब. उठू दे तिला." लेक उठली. कोपर पाहिले. रडणार असे वाटत होते, पण रडण्याआधी तिने सायकल उचलली. मग हँडल वाकडे झाले होते ते तिने मला पाहून केले होते तसे, पुढचे चाक दोन्ही गुडघ्यांत धरून, सरळ करायचा प्रयत्न केला. जमले नाही. तशीच वाकड्या हँडलने घरापर्यंत आली.

हळद लावून घेताना ती आक्काला म्हणाली, "आत्या, तू चालव ना. मी धरते मागून."

आक्का हसली. "माझे आता गुडघे दुखतात बाई."

"मग मी तुझ्या घरी येते सायकलवर. पप्पा, कधी येऊ?"

मी मनातल्या मनात रस्ता पाहू लागलो. आमची गल्ली, मग मोठा रस्ता, बाजार, ट्रक, मग कुंडलिकेचा पूल, मग पलीकडचा चढ. मी काही बोलण्याच्या आत आक्का म्हणाली, "पुढच्या रविवारी लवकर निघ, गर्दी नसती. पुलावर मी उभी राहते."